औंधहून अंटार्क्टिकाला : एका हातमोज्याची गोष्ट

गेल्या काही वर्षांत एक नवीन प्रकार सुरू झालाय. युरोप, न्यूझीलंड वगैरे उरकलेली मंडळी आता अंटार्क्टिकाच्या क्रूझचं बुकिंग करतात. बुकिंग झालं की कंपनीकडून एक पीडीएफ येते आणि तिच्यात कपड्यांची लांबलचक यादी असते. जाकीट, पँट, टोपी इथपर्यंत सगळं ठीक चालतं. हातमोज्यांपाशी आलं की गाडी अडते. आत घालायचे पातळ, त्यावर लोकरीचे, त्यावर वॉटरप्रूफ, शिवाय एक जोडी जादा. पुण्याच्या किंवा बंगलोरच्या हवेत वाढलेल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो, की हात दोन असताना हातमोजे आठ कशाला?

उत्तर एका ओळीत देता येईल, पण मग शनिवारचा लेख कसा होणार? :) शिवाय या आठ हातमोज्यांमागे शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, बऱ्याच लोकांनी त्यासाठी बोटं (आणि काहींनी जीव) गमावलेत. आणि गंमत म्हणजे या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या सातारा-सांगलीतून जातो. तिथूनच सुरुवात करू.

औंधची नात

सातारा जिल्ह्यातलं औंध बहुतेकांना यमाईच्या देवळामुळे आणि संग्रहालयामुळे माहीत असतं. १९४८ पर्यंत हे एक संस्थान होतं. छोटंसंच, ७२ गावांचं, आणि तेही सलग नाही. औंध आजच्या साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत. मधे दुसऱ्यांचे मुलुख. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती याच संस्थानाच्या माळरानावर.

संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार माणूस, पण त्यांचं खरं वेड सूर्यनमस्काराचं. रोज स्वतः घालायचे, शाळांमधून पोरांना घालायला लावायचे, आणि त्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही काढलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकले, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यात गेले. पूर्व आफ्रिका झाली, मग १९५५ पासून काही वर्षं गंगटोकला राहून सिक्कीम, भूतान आणि तिबेटचं कामकाज पाहिलं. म्हणजे माणदेशच्या उन्हातून हे घराणं एका पिढीत हिमालयाच्या बर्फापर्यंत पोचलं होतं.

पुढची पिढी त्याहून पुढे गेली. अप्पासाहेबांच्या कन्या डॉ. अदिती पंत. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी., मग हवाई विद्यापीठात सागरविज्ञान, लंडनला पीएच.डी., आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन. ३ डिसेंबर १९८३ ला भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून 'फिनपोलारिस' या फिनलंडच्या जहाजाने निघाली. नेते होते डॉ. हर्ष गुप्ता, एकूण माणसं ८१. त्यात दोन स्त्रिया होत्या. एक अदिती पंत आणि दुसऱ्या कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्या याच.

आपण त्यांचा विक्रम म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र दुसराच प्रश्न जास्त रंजक वाटतो. एक बाई समुद्रातले सूक्ष्म जीव मोजायला निघालीय. तिचं सगळं काम बोटांचं, आणि तेही पाण्यात. अशा माणसाने हातात काय घालायचं?

दोन तुकड्या, दोन पोशाख

हा प्रश्न सोडवायचे सगळ्यात प्रसिद्ध दोन प्रयत्न १९११ साली झाले. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन आणि ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट एकाच मोसमात दक्षिण ध्रुवाकडे निघाले. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला आणि सगळ्यांसकट परत आला. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला, आणि परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चारही सोबती गेले.

याची कारणं डझनभर आहेत. कुत्रे, घोडे, इंधन, अन्न, नशीब. पण कपडे हेही एक कारण आहेच. अमुंडसेन त्याआधी १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी राहिला होता. त्यांच्याकडून त्याने रेनडिअरच्या कातड्याचे कपडे शिवणं आणि वापरणं शिकून घेतलं. आतला थर केस आत करून, बाहेरचा थर केस बाहेर करून, आणि दोन्ही मुद्दाम ढगळ. मधून हवा खेळती राहते आणि घाम बाहेर निघून जातो. शिवाय त्याचे गडी स्कीवर आणि ओझं कुत्र्यांवर, त्यामुळे मुळात घाम कमी.

स्कॉटच्या माणसांकडे लोकरीचे थर आणि वरून वारा अडवणारं घट्ट विणीचं गॅबर्डिन. कापड वाईट नव्हतं. पण ही माणसं स्वतः घसरगाड्या ओढत होती. बैलासारखं ओढायचं म्हणजे घाम येणारच. तो कपड्यात मुरायचा आणि थांबलं की गोठायचा. १९११ च्या हिवाळ्यात याच मोहिमेतले तिघं एंपरर पेंग्विनची अंडी आणायला काळोखात निघाले होते. तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरलं. त्यातल्या चेरी-गॅरार्डने लिहून ठेवलंय, की तंबूबाहेर येऊन त्याने इकडेतिकडे पाहायला मान वर केली, आणि तेवढ्यात कपडे गोठून मान तशीच अडकली. पुढचे काही तास तो मान वर करूनच गाडी ओढत होता!

हातमोज्यांच्या बाबतीत मात्र या ब्रिटिश मंडळींनी एक साधी युक्ती केली होती. मोठे केसाळ हातमोजे दोरीला बांधून ती दोरी गळ्यात घालायची. काम असेल तेव्हा हात बाहेर काढायचा, मोजा लटकत राहतो, वाऱ्यावर उडून जात नाही. लहान मुलांच्या हातमोज्यांना आपण लोकरीची दोरी लावतो ना, अगदी तीच. लहान मुलांसाठी ती सोय आहे, तिथे तो जगण्याचा प्रश्न होता.

आणि तरीही स्कॉटच्या तुकडीत पहिला गेला तो हातामुळेच खंगत गेलेला एडगर एव्हान्स. अंगापिंडाने सगळ्यात दणकट गडी. घसरगाडी दुरुस्त करताना त्याचा हात कापला, जखम भरलीच नाही, मग बोटांना हिमदंश झाला. बाकीही हाल झाले, पण सुरुवात त्या हातापासून झाली.

बोटांचं गणित

आता थोडं इंजिनिअरिंग. (कंटाळा असेल तर पुढच्या भागावर उडी मारा, पण मग आठ हातमोजे का ते कळणार नाही.)

पहिली गोष्ट, कपडे उष्णता तयार करत नाहीत. उष्णता तयार होते शरीरात. कपडे फक्त अंगाभोवती हवा अडवून धरतात. ऊब असते ती या अडकलेल्या हवेची, कापडाची नव्हे. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की खेळ खलास, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

दुसरी गोष्ट, बोटं हा फार वाईट डिझाइन केलेला रेडिएटर आहे. किंवा चांगला डिझाइन केलेला म्हणा, कारण त्यांचं काम उष्णता बाहेर टाकणं हेही आहे. बोटात स्नायू जवळजवळ नाहीत, बोटं हलवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. म्हणजे बोटात स्वतःची भट्टी नाही, सगळी ऊब रक्तातून येते. आणि पोट-छाती थंड पडायला लागली, की शरीर पहिल्यांदा हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. सर्व्हर वाचवायला टेस्ट मशिन्स बंद करावीत, तसं. म्हणून बोटं गारठली तर उपाय बऱ्याचदा अंगातल्या बंडीत आणि टोपीत असतो, हातमोज्यात नाही. बाळासाहेबांच्या सूर्यनमस्काराचा इथे खरंच उपयोग आहे. मोठे स्नायू हलले, की बोटांना ऊब पोचते.

तिसरी गोष्ट भूमितीची. बोट म्हणजे बारीक नळी. नळीवर जाड अस्तर चढवलं की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो, म्हणजे उष्णता निसटायची जागा वाढते. त्यामुळे पाच बोटांच्या मोज्याला एका मर्यादेपलीकडे जाड करून फारसा फायदा होत नाही. चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, हा प्रकार कितीतरी जास्त उबदार. पण त्यात हात घालून शर्टाचं बटणही लावता येत नाही. इथेच सगळी गोम आहे. जो मोजा ऊब देतो तो काम करू देत नाही, आणि जो काम करू देतो तो ऊब देत नाही.

चौथी गोष्ट वारा. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०-४१ च्या सुमारास अंटार्क्टिकावर एक प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या छोट्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. हवामानाच्या अंदाजात आपण 'विंड चिल' ऐकतो, त्याची सुरुवात ही. आजच्या सूत्राने हिशोब केला तर शून्य अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे ७ सारखं लागतं.

काम करणारे हात

आता पुन्हा १९८३ कडे. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा अभ्यास म्हणजे काय? ठरावीक खोलीवरून पाण्याच्या बाटल्या वर घ्यायच्या, तोट्या उघडून पाणी काढायचं, ते बारीक गाळणकागदातून गाळायचं, कागद चिमट्याने उचलायचा, बाटलीवर लेबल लावायचं. एकही काम पिशवीसारख्या मोज्यात होणारं नाही, आणि जवळपास प्रत्येक कामात हात ओला होतो. भूशास्त्रज्ञाचं वेगळं. हातोडा, होकायंत्र, वही. हात ओला होत नाही, पण उणे तापमानात उघडी धातू हाताला लागली की कातडी चिकटते. एकाच जहाजावरच्या दोघींच्या कामाला दोन वेगळे हातमोजे लागतात. ध्रुवावरचा पोशाख नुसत्या थर्मामीटरकडे बघून ठरत नाही, तो ठरतो हात काय करणार आहेत यावर.

आणि त्या मोसमात हातांना काम भरपूर होतं. २७ डिसेंबरला तुकडी पोचली, आणि अंटार्क्टिकाचा उन्हाळा संपायच्या आत 'दक्षिण गंगोत्री' हा भारताचा पहिला कायमचा तळ उभा केला. बोल्ट, नट, केबल, वायर, सगळं बर्फावर. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १२ जण तिथे १९८४ च्या हिवाळ्यात राहिले. पुढे तो तळ बर्फाखाली गाडला जाऊ लागला म्हणून सोडून द्यावा लागला. तोवर १९८९ मध्ये 'मैत्री' उभा राहिला होता, २०१२ मध्ये 'भारती'. आता मोहिमेवर जाणाऱ्यांना आधी उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण दिलं जातं. म्हणजे हातमोजा घालून गाठ मारायची सवय आधी करून घ्यायची, तिथे जाऊन शिकायला वेळ नसतो.

दक्षिण गंगोत्रीवरचे बारा जण पहिल्या हिवाळ्याची तयारी करत होते, तेव्हाच इकडे १३ एप्रिल १९८४ ला भारतीय सैन्य सियाचीनवर उतरलं. बर्फाचे खास कपडे परदेशातून मागवले होते, आणि ते चढाईच्या आदल्या संध्याकाळी पोचले. लष्करी अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पाकिस्ताननेही लंडनच्या त्याच दुकानात तसेच कपडे मागवले होते, आणि त्यावरून त्यांचा बेत आपल्याला कळला. मोज्यांच्या ऑर्डरवरून युद्धाचा अंदाज! पुढे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही आळीपाळीने तिथे गेल्या. अपशिंगेसारखी साताऱ्यातली गावं घरटी एक माणूस फौजेत देतात. पर्यटकाला हातमोजे ही शॉपिंग, त्यांच्या घरच्यांना ती काळजी. सियाचीनवर गोळीपेक्षा थंडीने आणि उंचीने जास्त माणसं नेलीत.

आणि आपली घोंगडी?

एवढं वाचून कुणीतरी विचारणारच, की आपल्याकडे थंडीचं काही शहाणपण होतं की नाही? होतं. औंध संस्थानातल्या आटपाडीकडचा भाग म्हणजे माणदेश, धनगरांचा मुलुख. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ज्यांनी वाचलीय त्यांना वेगळं सांगायला नको. या भागातली दख्खनी मेंढी, तिची काळी राठ लोकर, हातमागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी. रात्री अंथरायला-पांघरायला तीच, पावसात एक टोक दुमडून डोक्यावर खोळ करायला तीच, दुपारी सावलीलाही तीच. एका कापडात तीन थर म्हणा ना.

हे चालतं त्याचं कारण लोकरीतच आहे. लोकरीचा धागा वळवळीत असतो म्हणून त्यात हवा अडकते. आणि तो आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेतो तरी हाताला ओला लागत नाही. सुती कापड ओलं झालं की चिकटून बसतं, हवा गेली की ऊबही गेली. डोंगरात भिजलेल्या जीन्सवर रात्र काढली असेल तर तुम्हाला हे पाठ असेल.

पण लगेच छाती फुगवून फॉरवर्ड मेल पाठवू नका, की आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. माणदेशात हिवाळ्यातली रात्र गारठवते, महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात आणि पेपरात फोटो येतो. आपली थंडी एवढीच. घोंगडी त्या थंडीसाठी आहे. तिची राठ लोकर उघड्या अंगाला टोचते, म्हणून आतल्या थराला ती चालणार नाही. तिथे मेरिनो मेंढीची मऊ लोकर लागते. नेत्सिलिक लोकांनी त्यांच्या थंडीचा प्रश्न सोडवला, धनगरांनी माणदेशच्या.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आज दख्खनी लोकरीला भाव इतका कमी आहे, की बऱ्याच ठिकाणी मेंढ्या कातरायची मजुरीही सुटत नाही आणि लोकर फेकून दिली जाते. घोंगडी विणणारे माग कमी होत चाललेत. आपण मात्र मॉलमध्ये लोकरीचा पातळ मोजा हजारो रुपयांना घेतो. तो घेऊ नये असं नाही, कारण तिथे त्याची जागा घोंगडी घेऊ शकत नाही. पण मोज्याखाली अंथरायला, बसायला, ट्रेकच्या तंबूत टाकायला ती अजूनही उत्तम आहे.

मग घ्यायचं काय?

क्रूझवर जाणार असाल तर आधी एक समजून घ्या. पर्यटकांची जहाजं उन्हाळ्यात अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे जातात, तिथे तापमान शून्याच्या आसपास असतं. तुम्ही अमुंडसेन नाही आहात. तुमचा शत्रू उणे चाळीस नाही, ओल आणि वारा आहे. जहाजापासून किनाऱ्यापर्यंत रबरी बोटीतून जाताना तोंडावर-हातावर समुद्राचं पाणी उडतं, आणि बोटीची दोरी धरायला हात मोकळा लागतो.

म्हणून क्रम असा. आत पातळ मोजा, ज्यात कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल. तो कधीही पूर्ण काढायचा नाही. त्यावर वॉटरप्रूफ मोठा मोजा, आत लोकरीचा थर मावेल इतका सैल. घट्ट मोजा म्हणजे हवा नाही आणि रक्तही नाही. मनगटाला दोरी, स्कॉटच्या माणसांसारखी. आणि जादा जोडी जाकिटाच्या आतल्या खिशात, बॅगेत नव्हे, कारण ओला मोजा बदलायची वेळ येते ती बोटीत येते, केबिनमध्ये नाही. अंगात सुती काहीही नको. निघण्याआधी खिसे आणि वेल्क्रो साफ करून घ्या, कारण त्यात अडकलेलं गवताचं बी त्या भूमीवर जाता कामा नये. जहाजावर ते तपासतातच.

हे सगळं फार वाटत असेल तर सर रॅनल्फ फाइन्सचं उदाहरण आठवा. ध्रुवांवर आयुष्य घालवलेला माणूस. २००० साली एकट्याने उत्तर ध्रुवाकडे निघाला असताना त्याची घसरगाडी बर्फ फुटून पाण्यात गेली. अडकलेली दोरी सोडवायला त्याने डाव्या हाताचा मोजा काढला आणि हात पाण्यात घातला. काही मिनिटांचं काम. मोहीम तिथेच संपली, आणि मेलेली बोटांची टोकं नंतर त्याने घरच्या शेडमध्ये स्वतःच करवतीने कापली.

त्याच्याकडचे हातमोजे उत्तम होते. फक्त नेमक्या त्या कामासाठी त्यातला एकही चालणार नव्हता. तेव्हा दुकानात गेल्यावर 'हा किती उणे तापमानापर्यंत चालतो?' हे दुसऱ्यांदा विचारा. आधी मोजा हातात घाला, आणि खिशातली किल्ली काढून बघा.